माथेरान, दसरा ते तुळशीचं लग्न: शेवटचे तीन किलोमीटर आधी ठरवा

माझं माहेर माथेरान. लग्न होऊन बदलापूरला आले त्याला सतरा वर्षं झाली, पण भाऊ अजून वरच असतो. त्याच्या तीन खोल्या आणि एक खाणावळ आहे. दसरा जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. "दोन दिवस जायचंय, काय काय बघू?" परत आल्यावरच्या तक्रारीही दर वर्षी त्याच असतात. दस्तुरीला तीन तास अडकलो, मिनी ट्रेन बंद होती, बॅगेचं चाक तुटलं, माकडानं पिशवी पळवली, संध्याकाळी पॉइंटवर गेलो तर समोर नुसतं पांढरं.

ही माणसं आखणी घरापासून सुरू करतात. लोकल कुठली, गाडी कुठली, हॉटेल कुठलं, सगळं ठरतं आणि दस्तुरी नाक्याशी येऊन संपतं. दस्तुरीच्या पुढे मोटार जात नाही, मोटारसायकलही नाही. बाजारपेठ तिथून अडीच-तीन किलोमीटर. या तीन किलोमीटरांत कोण चालणार, सामान कोण उचलणार, म्हाताऱ्या माणसाला कसं नेणार हे नाक्यावर उभं राहून ठरवायला गेलात की तिथला गोंधळ तुमच्या वतीनं ठरवतो. म्हणून मी सगळ्यांना उलटीकडून आखायला सांगते. आधी ते तीन किलोमीटर, मग खोली, मग बॅग, आणि सगळ्यात शेवटी लोकल.

## १. तारीख

घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा काळ बाहेरून एकच वाटतो. आम्ही वरची माणसं त्याचे तीन तुकडे करतो.

पहिला तुकडा परतीच्या पावसाचा. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, पण ती सरासरी. या दिवसांत सकाळ स्वच्छ असते, दुपारी तीनच्या सुमाराला ढग चढतात आणि गडगडाटासह सर येते. जायला हरकत नाही, फक्त पॉइंट सकाळी उरकायचे आणि विजा चमकत असताना कड्यावर थांबायचं नाही.

दुसरा तुकडा पाऊस थांबल्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंतचा. हा सोन्यासारखा. माती अजून ओलसर, त्यामुळे धूळ नाही. कड्यांवर सोनकीची पिवळी फुलं रेंगाळलेली असतात आणि हवा इतकी धुतलेली की समोरच्या प्रबळगडाची घळन्‌घळ मोजता येते. शेवटचे काही दिवस सोडले तर शाळांना सुट्टी लागलेली नसते. यातला सोमवार ते गुरुवार मिळाला तर दुसरा विचार करू नका.

तिसरा तुकडा पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंतचा. गुजराती व्यापाऱ्यांची दुकानं लाभपंचमीला उघडतात, तोवर ती कुटुंबं फिरायला बाहेर पडलेली असतात. शाळांची सुट्टीही तेव्हाच. खोल्यांचे भाव चढतात, घाटात रांग लागते, दस्तुरीजवळून गावात येणाऱ्या छोट्या शटल गाडीच्या तिकीटखिडकीवर तर पाय ठेवायला जागा नसते. या आठवड्यात यायचंच असेल तर खोली महिनाभर आधी पक्की हवी. लाभपंचमी उलटली की दोन-तीन दिवसांत गाव पुन्हा आपल्या चालीवर येतं.

कोजागिरीला यायची इच्छा असेल तर पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच पोचा. चांदण्यात लाल रस्त्यावरून चालायला बाहेरून बरीच माणसं येतात आणि संध्याकाळी उशिरा आलेल्यांचा पहिला तास खोली शोधण्यातच जातो.

तपासा: परतीचा दिवस रविवार आहे का? असेल तर एक दिवस अलीकडे ओढा. शनिवारी चढणं आणि रविवारी उतरणं ही सगळ्यात महागडी जोडी. पैशानंही आणि वेळेनंही.

## २. शेवटचे तीन किलोमीटर

दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंत जायला पाच मार्ग. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे यातला एक आजच लिहा.

पायी. लहान मूल बरोबर असलं तरी पाऊण ते एक तास. चढ फार नाही, झाडी दाट आहे. धडधाकट माणसानं चालावं असंच माझं मत आहे, कारण माथेरान म्हणजे काय ते याच वाटेवर कळतं. अंजनी आणि जांभळाची सावली, कुठेतरी शेकरूचा खडखडाट, आणि बाजूनं गॅसचं सिलिंडर किंवा कांद्याचं पोतं घेऊन जाणारा घोडा.

शटल. दस्तुरीच्या शेजारीच अमन लॉज स्टेशन आहे. तिथून माथेरान स्टेशनपर्यंत छोटी गाडी जाते आणि बाजारपेठेच्या मधोमध सोडते. तिकीट त्याच दिवशी खिडकीवर घ्यायचं. डबे मोजके, त्यामुळे गर्दीच्या दिवशी पहिली गाडी हमखास निसटते.

इथेच सगळ्यात मोठी गल्लत होते. लोक "मिनी ट्रेन" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात नेरळहून डोंगर चढणारी गाडी असते. ती पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बंद असते. घाटात दरडी येतात, रुळांखालची खडी वाहून जाते, ते सगळं दुरुस्त होऊन चाचणी झाल्याशिवाय ती सुरू होत नाही. गेल्या काही वर्षांत तिला नोव्हेंबर उजाडला आहे. अमन लॉज ते माथेरान शटल मात्र पावसाळ्यातही चालते. तेव्हा चौकशी करताना "गाडी चालू आहे का" असं मोघम विचारू नका. "नेरळहून चालू आहे की फक्त अमन लॉजहून" असं विचारा. नेरळची गाडी मिळाली तर छानच, पण सुमारे एकवीस किलोमीटरला अडीच तासांच्या आसपास लागतात आणि वळणं पोटात ढवळतात, हे लहान मुलांच्या आईबापांनी ध्यानात ठेवावं.

ई-रिक्षा. डिसेंबर २०२२ मध्ये त्या प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या. ज्येष्ठांसाठी आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी मोठीच सोय, पण संख्या कमी आहे. आमच्या गावची मुलं याच रिक्षांनी शाळेत जातात, तेव्हा शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी तुम्हाला थांबावं लागेल. तिथे हुज्जत घालू नका. ती मुलं याआधी दप्तर पाठीवर घेऊन रोज हे अंतर चालत होती.

घोडा. याबद्दल सहाव्या टप्प्यात सविस्तर.

हमाल. हा माणसांसाठी नाही, सामानासाठी. माणसं पायी आणि सामान हमालाकडे, ही जोडी मला सगळ्यात पटते.

हातरिक्षा मिळेल असं गृहीत धरू नका. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये त्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माणसानं माणसाला ओढायचं हे थांबायलाच हवं होतं. ते ओढणारे आमचेच लोक होते आणि चाळिशीत त्यांच्या छातीचे भाते झालेले मी पाहिलेत.

## ३. खोली घेताना विचारायचे पाच प्रश्न

फोटो बघून खोली घेऊ नका, फोन करून घ्या. मी स्वतः हे प्रश्न याच क्रमानं विचारते.

बाजारपेठेपासून चालत किती मिनिटं? "जवळच आहे" हे उत्तर चालणार नाही, मिनिटं विचारा. काही जुने बंगले आणि रिसॉर्ट बाजारपेठेपासून आणखी अर्धा तास आत आहेत. म्हणजे तीन किलोमीटर चालून आल्यावर पुन्हा अर्धा तास, तोही सामानासह.

जेवण धरून दर आहे का, आणि शाकाहारी-मांसाहारी काय? इथल्या बऱ्याच हॉटेलांत जेवणासहितच दर असतो. बाहेर जेवायचा बेत असेल तर ते पैसे वाया.

खोली किती वाजता मिळते आणि किती वाजता सोडायची? इथे काही ठिकाणी सकाळी लवकर खोली सोडावी लागते. सोडल्यावर सामान ठेवू देणार का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

गरम पाणी किती ते किती? दिवसभर मिळेल असं समजू नका.

आणि शेवटचा, जो कुणी विचारत नाही: खिडकीला जाळी आहे का? का ते नवव्या टप्प्यात कळेल.

## ४. बॅग

एका माणसाची एक पाठीवरची सॅक, सहा-सात किलोंच्या आत. बस्स.

चाकांची बॅग आणू नका. मुख्य रस्त्यावर जिथे पेव्हर ब्लॉक आहेत तिथे ती खडखडत येते, बाकी सगळी लाल माती, गोटे आणि झाडांची मुळं. माझी नणंद एकदा दोन मोठ्या सुटकेसा घेऊन आली. निम्म्या वाटेत दोन्ही सुटकेसांची चाकं गेली. शेवटी मागून येणाऱ्या एका हमाल मावशींनी डोक्यावर चुंबळ ठेवली, वर एक सुटकेस, तिच्यावर दुसरी, आणि एका हातानं तोल धरत निघाल्या. पायात साध्या रबरी चपला. आम्ही मोकळ्या हातांनी मागून चालत होतो तरी त्यांना गाठता आलं नाही. पोचल्यावर त्यांनी चुंबळ सोडली तर ते सुती लुगड्याचं फडकं घामानं पिळण्याइतकं ओलं झालेलं. त्या पायथ्याच्या वाडीतून पहाटे चालत वर आल्या होत्या. तुमची बॅग भरताना हे चित्र डोळ्यासमोर असू द्या. जी वस्तू "लागली तर" म्हणून टाकताय, ती कुणाच्या तरी मानेवरून वर जाणार आहे.

सॅकमध्ये काय हवं: तळव्याची पकड शाबूत असलेले बूट (नवे नकोत, घरात आठवडाभर वापरलेले), प्रत्येकाला एक लिटरची पाण्याची बाटली, टॉर्च, पातळ स्वेटर, पावसाची विजार-जाकीट किंवा छत्री, नेहमीची औषधं, आणि रोख पैसे. गावात एटीएम आहेत, पण सुट्टीच्या दिवसांत ती रिकामी होतात, आणि नेटवर्क गेलं की फोनवरून पैसेही जात नाहीत.

खाली नेरळला ऑक्टोबरचा उकाडा असतो. वर साधारण आठशे मीटर उंची, त्यामुळे चार-पाच अंशांचा फरक पडतो. दिवसा सुती कपडे पुरतात, स्वेटर पहाटेसाठी. पांढरे कपडे आणि पांढरे बूट घरीच ठेवा.

इशारा: प्लास्टिकच्या पिशव्यांना गावात बंदी आहे. सामान कापडी पिशवीत बांधा आणि खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात.

## ५. नेरळ आणि घाट

लोकलनं येणं सगळ्यात सोपं. कर्जत किंवा खोपोलीची लोकल धरून नेरळला उतरा. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल घ्यावी, भिवपुरी रोडनंतर नेरळ. स्टेशनाबाहेर दस्तुरीच्या शेअर टॅक्सी मिळतात. माणसं भरली की सुटतात आणि अर्ध्या तासात वर सोडतात. बसण्याआधी भाडं माणशी आहे की गाडीचं ते विचारा.

निघायची वेळ अशी धरा की सकाळी साडेनऊच्या आत दस्तुरीला पाय लागेल. दहानंतर गर्दीचा दिवस सुरू होतो.

स्वतःची गाडी आणायची असेल तर दोन गोष्टी. शनिवारी दुपारपर्यंत दस्तुरीचं वाहनतळ भरतं आणि मग गाड्या घाटातच खोळंबतात. मागे जाता येत नाही, पुढे जागा नाही. दुसरं, हा घाट अरुंद आणि उभा आहे, त्याची वळणं फसवी आहेत. चढताना पहिला गिअर सोडू नका, वळणावर थांबू नका, समोरून चढणारी गाडी दिसली तर उतरणाऱ्यानं थांबायचं. क्लचच्या जळक्या वासानं दर शनिवारी कुणीतरी बाजूला लागलेलं असतं. घाटाची सवय नसेल तर गाडी खाली नेरळला लावून टॅक्सी करा. यात कमीपणा काही नाही.

## ६. दस्तुरी नाका: पहिली पंधरा मिनिटं

टॅक्सीतून उतरलात की चारी बाजूंनी हाका सुरू होतात. "ताई, घोडा?" "साहेब, चालायला सात किलोमीटर आहे." "गाडी आज बंद आहे." यातलं अंतर तर तुम्हाला आता माहीतच आहे. कुणाला उत्तर देण्याआधी हे करा, याच क्रमानं:

१. सगळे एका बाजूला उभे राहा, माणसं आणि बॅगा मोजा.
२. खिडकीवर प्रवेशाचा कर भरा आणि पावती सांभाळून ठेवा.
३. अमन लॉजच्या खिडकीवर स्वतः चालत जा आणि पुढची शटल किती वाजता, तिकीट शिल्लक आहे का ते विचारा. दुसऱ्याच्या तोंडून आलेली माहिती घेऊ नका.
४. दरांचा फलक वाचा.
५. मगच हमाल, ई-रिक्षा किंवा घोडा ठरवा.

क्रम उलटा झाला की पैसे जातात. बहुतेक लोक पाचवी पायरी पहिली करतात.

घोडेवाले आमच्या शेजारपाजारचे. बहुतेक सरळ माणसं आहेत आणि त्यांचं वर्षाचं पोट या काही महिन्यांवर असतं. पण बोलणी अर्धवट ठेवली की भांडण होणारच, म्हणून सगळं आधी स्पष्ट करा. कुठले पॉइंट, नावानं. किती वेळ. दर एका घोड्याचा आहे ना, आणि परत आणून कुठे सोडणार. घोड्याला आणि चालकाला परवाना असतो, तो बघायला मागा.

बसण्याआधीची तपासणी: रिकिबीत पाय फक्त चवड्यापर्यंत. टाच आत गेली आणि घोडा उधळला तर पाय अडकून माणूस फरफटतो. रिकिबीची लांबी तुमच्या पायाला जुळवून घ्या. मुलाला एकट्याला बसवलं असेल तर लगाम चालकाच्या हातात हवा आणि घोडा चालतच न्यायचा. मूल हट्ट करेल, "पळव ना काका" म्हणेल. काकांना आधीच बजावून ठेवा. सायकलचं हेल्मेट घरात असेल तर आणाच, ते सॅकला बाहेरून लटकवता येतं.

## ७. पॉइंट दिशेनं पाहा, यादीनं नव्हे

तीसहून जास्त पॉइंट आहेत म्हणे. यादीवर खुणा करत सगळे पाहणारी माणसं संध्याकाळी कुठला कुठे होता ते सांगू शकत नाहीत. माथेरानचं पठार लांबट आहे. त्याची एक बाजू सकाळची, दुसरी संध्याकाळची. तेवढं धरलं की काम झालं.

पोचल्याच्या दिवशी दुपारनंतर, पश्चिमेची बाजू. जेवून तासभर आडवे व्हा आणि साडेतीनला निघा. शार्लोट तलाव, लॉर्ड्स, एको, लुईझा एका माळेत येतात. तलावाकाठी पिसारनाथाचं देऊळ आहे, आमचं ग्रामदैवत, तिथे आधी नमस्कार. तलावात उतरू नका. ते गावाचं पिण्याचं पाणी आहे, काठ शेवाळलेला असतो आणि पाणी खोल. तिथे माणसं बुडाली आहेत. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो, नोव्हेंबर लागला की सहा-पाचला. सूर्य टेकला की लगेच परत फिरा. झाडीत अंधार बाहेरच्यापेक्षा अर्धा तास आधी होतो.

ज्यांना फक्त सूर्यास्त हवा आहे ते पॉर्क्युपाइनला जातात, त्यालाच सनसेट पॉइंट म्हणतात. गर्दी तिथेच सगळी. मला लुईझा आवडतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पूर्व किंवा उत्तर. दोन्ही नको, एकच निवडा. सूर्योदय साडेसहाच्या आसपास. गारबट पॉइंट पूर्वेच्या सोंडेवर आहे. खाली दरीत ढगांचा थर साचलेला असतो आणि वर आपण उन्हात. पॅनोरमा उत्तर टोकाला, सगळ्यात लांब. बाजारपेठेतून पायी जाऊन यायला साडेतीन-चार तास धरा. दोन्हींसाठी अंधारात निघावं लागतं, तेव्हा टॉर्च, पाणी आणि खिशात चिक्की. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर माझा सल्ला, पॅनोरमाचा हट्ट सोडा. खंडाळा पॉइंट आणि माधवजी बाग बाजारपेठेच्या हाकेवर आहेत, तिथूनही पूर्वेचं ऊन दिसतं.

न्याहारीनंतर, दक्षिणेची बाजू. अलेक्झांडर, रामबाग, चौक, वन ट्री हिल. ही वाट जवळजवळ सगळी सावलीतली, म्हणून भर सकाळी चालते. शेकरू बघायचं असेल तर इथेच. पायांचा आवाज कमी करा, मान वर ठेवा आणि फांद्या हलताना दिसल्या की पाच मिनिटं गप्प उभे राहा. वन ट्री हिलवरून मोरबे धरणाचं पाणी चमकताना दिसतं. त्या एकट्या झाडाच्या सुळक्याकडे उतरण्याचा मोह टाळा, घसरण वाईट आहे.

इशारा: सगळ्या पॉइंटांवर कठडे नाहीत. चार महिने पाणी मुरल्यानं कड्याची माती खालून पोखरलेली असते, वरून गवत मात्र हिरवंगार. गवत संपतं तिथे जमीन संपते असं मानून त्याच्या चार पावलं अलीकडेच थांबा. फोटोसाठी मागे-मागे सरकू नका. धुकं भरून आलं तर जागचे हलू नका. दहा-पंधरा मिनिटांत ते बहुधा फाटतं.

## ८. गावाच्या वेळा

चार-साडेचार हजार वस्तीचं हे गाव आहे. त्याला नगरपरिषद आहे, शाळा आहे, नळाच्या वेळा आहेत. इथली प्रत्येक वस्तू नेरळहून टेम्पोनं दस्तुरीला येते आणि तिथून घोड्यावर, हातगाडीवर किंवा डोक्यावर. दूध, पाव, भाजी, पीठ, सिमेंट, औषधं, सगळं. खालच्यापेक्षा इथे वस्तू महाग का, याचं उत्तर एवढंच. पाण्याच्या बाटलीवरून दुकानदाराशी वाद घालणाऱ्यांना मी हेच सांगते.

याचा तुमच्याशी संबंध असा की खाणावळीत जादा काही नसतं. माझी वहिनी रोज सकाळी ताटं मोजूनच पीठ मळते. दुपारी दोनला दहा जण न सांगता आले तर ती नाही म्हणते, आणि तिला ते बोलणं जिवावर येतं. म्हणून दुपारचं जेवण सकाळी दहापर्यंत सांगा, रात्रीचं दुपारी चारपर्यंत. पिठलं-भाकरी हवी असेल तर तसं सांगा, गरम मिळेल. रात्री नऊ-साडेनऊनंतर बाजारपेठ मिटायला लागते, तेव्हा मुलांसाठी दूध-बिस्किटं आधी घेऊन ठेवा.

खरेदी शेवटच्या दिवशी सकाळी करा, पोचल्याबरोबर नको. चिक्की, मध, चामड्याच्या चपला काही संपत नाहीत. वाडीवरच्या बायका रानभाजी किंवा फळं घेऊन बसलेल्या दिसल्या तर तिथून काहीतरी घ्या. घासाघीस करू नका.

## ९. माकडं आणि रात्र

माकडांना पिशवी म्हणजे खाणं हे पाठ आहे. हातात लोंबणारी कुठलीही पिशवी, कणीस, शीतपेयाची बाटली, आइस्क्रीम ते हिसकावणार. रस्त्यावर चालताना हातात काही धरायचं नाही, खायचं असेल तर दुकानात बसून खायचं. खायला घालू नका. तुम्ही दिलेल्या एका बिस्किटाची किंमत पुढच्या आठवड्यात शाळेतून येणारी पोरं मोजतात. पिशवी हिसकावली तर सोडून द्या, ओढाओढीतच चावा बसतो. डोळ्यांत रोखून बघू नका आणि दात दाखवून हसू नका, ते त्याला आव्हान वाटतं. खोलीबाहेर जाताना खिडकी आतून कडी लावून बंद.

चावलं किंवा ओरखडा निघाला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. गावात नगरपरिषदेचं रुग्णालय आहे. हळद-बिळद लावून परत जाऊ नका.

रात्री जेवणानंतर चालायला जाच, वाहनांचा आवाज नसलेलं गाव पुन्हा कुठे ऐकायला मिळणार. मात्र टॉर्च पायाशी धरा. पाऊस नुकताच संपलेला असतो, वाटेवर पाचोळा असतो आणि हिरवा चापडा, म्हणजे एक विषारी साप, फांदीवर किंवा पाचोळ्यात निश्चल बसलेला असतो. झाडांवर हात टेकवत चालू नका.

## १०. उतरताना

परतीची वेळ लोकलवरून उलटी मोजा. नेरळला लोकल गाठायच्या अडीच तास आधी खोली सोडा. एक तास दस्तुरीपर्यंत, अर्धा तास टॅक्सी मिळायला, अर्धा तास घाट, अर्धा तास हातचा. रविवारी यात आणखी दीड तास घाला. शेवटच्या शटलवर अवलंबून राहू नका. ती भरलेली असली तर अंधारात सामान घेऊन चालण्यावाचून इलाज नसतो, आणि तेव्हा हमाल मावशी आपापल्या वाड्यांकडे उतरून गेलेल्या असतात. हमाल हवा असेल तर आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याला सांगून ठेवा.

कचरा सॅकमध्ये परत न्या. वरचा प्रत्येक रिकामा डबा आणि बाटली पुन्हा कुणालातरी खाली वाहून न्यावी लागते.

स्वतःची गाडी असेल तर घाट पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली येईतो ब्रेक तापतात आणि ऐन शेवटच्या वळणांवर धरत नाहीत. रबर जळल्यासारखा वास आला की रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या, वीस मिनिटं थांबा. ब्रेकवर पाणी ओतू नका.

घरी पोचल्यावर बूट आणि मुलांचे कपडे लगेच भिजत टाकू नका. लाल माती ओली असताना चोळली की धाग्यात जाऊन बसते आणि डाग कायमचा राहतो. रात्रभर वाळू द्या, सकाळी गॅलरीत कोरड्या ब्रशनं झटकून काढा, मग थंड पाणी आणि साबण.